सोळा सोमवारांचे पाणी

वैशाख लागला की आमच्या गावावर एक विलक्षण शांतता उतरते. पळसाची फुले केव्हाच गळून मातीत मिसळलेली असतात, मोहाचा उग्रगोड वास बांधाबांधावरून ओसरत आलेला असतो, आणि कापसाची पऱ्हाटी उपटून मोकळी झालेली काळी शेते ऊन पिऊन पिऊन भेगाळतात. आदिलाबादकडच्या तलमडुगूच्या या माळावर भर दुपारी पाखरूही बोलत नाही. अशा दिवसांत, वय ऐंशीच्या उंबरठ्यावर आले असतानाही, पहाटे माझी पावले महादेवाच्या देवळामागच्या पायविहिरीकडे वळतात. गावातले लोक तिला बावडी म्हणतात. पाण्यासाठी तिथे जाण्याचे आता कारण उरलेले नाही. पाणी दारात नळाला येते. तरीही जातो. कठड्याशी उभा राहतो, खाली वाकून पाहतो आणि परततो.

एके काळी या विहिरीत बावीस पायऱ्या उतरून जाता येत असे. आज त्या पायऱ्यांच्या तोंडाशी छातीइतकी उंच दगडी भिंत आहे, आणि भिंतीमागे मुरूम व दगड भरलेले आहेत. त्यावर घाणेरी माजली आहे. भिंत बांधल्याला चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तिच्याकडे पाहून कोणाला काही आठवत असेल असे वाटत नाही. मला आठवते.

या वर्षी चैत्र संपता संपता आमच्या गावचा संतोष माझ्याकडे आला. तो मावल्याला घर करून राहतो, आदिलाबादच्या शाळेत शिकवतो आणि सुटीच्या दिवशी गावी येतो. गुणी मुलगा आहे. त्याच्याबरोबर गावातली पाच-सहा मंडळी होती. त्यांनी बावडीचा जीर्णोद्धार करण्याचे मनावर घेतले होते. भिंत काढायची, मुरूम उपसायचा, पायऱ्या पुन्हा उघड्या करायच्या.

"महाराज," संतोष म्हणाला, "तुमी एक पान लिहून द्या. दगडावर कोरून लावू. बावडी कोनं बांधली, पायऱ्या कोनं बुजवल्या, काऊन बुजवल्या, काईच कोनाले माईत नाई. एवढी देखनी बावडी, अन् मधात हे भिताड!"

"सरकारी लोकायले तवा अक्कलच नोती," दुसरा कोणी म्हणाला, आणि सगळे हसले.

मी हसलो नाही. लिहून देतो, एवढेच म्हणालो. मंडळी गेली, आणि कोरा कागद माझ्यापुढे तीन आठवडे तसाच पडून राहिला. अक्षर सुंदर येत नाही म्हणून नव्हे. पाठशाळेत घटवलेले अक्षर अजून डगमगत नाही. जे लिहायचे ते आधी एका व्यक्तीला सांगायला हवे होते, आणि चाळीस वर्षांत ते मी सांगितले नव्हते.

आमच्या घराण्यात महादेवाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. तिचा एक कडक दंडक होता: देवाचे पाणी उतरून आणावे. दोरीने शेंदलेले पाणी देवाला चालत नसे. दोरीला दहा हात लागतात, पोहऱ्याला गंज असतो, कप्पीला वंगण असते. पूजकाने सोवळे नेसून पायऱ्या उतराव्यात, गुडघाभर पाण्यात उभे राहावे, आपल्या हाताने कलश बुडवावा आणि मागे न पाहता वर यावे. माझ्या वडिलांनी हा नियम आमरण पाळला, आणि त्यांच्यामागे मी.

त्या उतरण्यात केवढे सुख होते! वैशाखात पाणी खाली जाई, तसतशा नव्या पायऱ्या वर येत. ओल्या, हिरव्या, वर्षभर कोणी न पाहिलेल्या. वर सूर्य उगवण्याआधीच हवा तापू लागे, आणि इथे पाचव्या पायरीपासून गारवा अंगाला बिलगे. शेवाळाचा वास, भिंतीतल्या कोनाड्यात घुमणारे पारवे, पायाखाली शिळेचा थंड स्पर्श. मंत्र म्हणावा तर विहीर तो गोल फिरवून परत देत असे. मला वाटे, देव वर गाभाऱ्यात आहे खरा, पण त्याचा विश्राम इथे आहे.

थोड्या वेळाने गावच्या बायका उतरत. त्यासुद्धा पाण्यातच पाय रोवून घागरी भरत. वैशाखात घागर बुडण्याइतके पाणी काठापाशी नसेच. आमच्या घरी पिण्याचे पाणी मात्र दुहेरी धोतराच्या पदरातून गाळले जाई. पाठशाळेत आम्हाला ते शिकवलेच होते आणि माझी पत्नी ते कसोशीने करी. देवाच्या पाण्याला तो पदर कधी लागला नाही. देवाचे पाणी गाळणे म्हणजे देवावर शंका घेणे, असे वडील म्हणत.

आता नारूविषयी सांगायला हवे, कारण संतोषच्या वयाच्या लोकांनी तो पाहिलेला नाही. हे परमेश्वराचे मोठे देणे आहे. दोऱ्यासारखा पांढरा, हातभर लांब, कधी त्याहूनही लांब असा तो किडा माणसाच्या अंगात वर्षभर निमूटपणे वाढतो आणि मग पायाला फोड आणून बाहेर डोकावतो. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत त्याला स्नायुक म्हटले आहे. तो ओढून काढता येत नाही. काडीला गुंडाळून रोज दोन-चार बोटे, असा पंधरा-वीस दिवस काढावा लागतो. मध्येच तुटला तर पाय सुजून भोपळ्याएवढा होतो. आमच्या गावात त्याचे नाव उच्चारीत नसत. 'पाहुणा आला' असे म्हणत. आणि हा पाहुणा यायचा तोही नेमका मृगाच्या तोंडावर, नांगरट आणि पेरणीच्या दिवसांत.

एका वैशाखात तो माझ्या घोट्याला आला. आमच्या घरात दुसऱ्या कोणाला नाही, एकट्या मला. अंगावर व्रण वाहत असताना देवाला स्पर्श करू नये, हे मला ठाऊक होते. पण पूजा दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवण्याची कल्पना मला सहन झाली नाही. मी घोट्यावर पंच्याची पट्टी बांधली आणि पाय मुरगळला असे सांगितले. पहाटे पाण्यात उतरण्यापूर्वी पट्टी सोडीत असे. सोवळ्यात ओवळे वस्त्र कसे चालेल? व्रणाची आग अशी होती की जणू निखारा बांधला आहे. पाय पाण्यात बुडाला की ती क्षणात शमे. मी डोळे मिटून घेई. महादेवानेच हा शीतल हात ठेवला, असे माझ्या मनात येई, आणि रोजच्यापेक्षा थोडा अधिक वेळ मी पाण्यात उभा राही.

त्याच दिवसांत सरूचे सोमवार चालले होते.

सरू ही किसनची बायको. देवळाच्या खालच्या अंगाला त्यांचा भाजीचा मळा. वांगी, अंबाडी, चवळीच्या शेंगा. माहेर भैंशाचे. वय बावीस-तेवीस. लग्नाला चार वर्षे होऊनही मूल नव्हते, म्हणून सासूने तिला माझ्याकडे आणले. मी तिला सोळा सोमवारांचे व्रत सांगितले. चैत्रातला पहिला सोमवार धरला. उपवास, दर्शन, आणि अभिषेकाचे पाणी. तीर्थ म्हणून पळीभर देतात तसे नव्हे. तुझ्यासाठी तांब्याभर, मी म्हणालो. पूर्ण श्रद्धेने, एक थेंब न सांडता पी.

ती हसरी होती. देवळात आली की चार बायकांना हसवून जाई. "महाराज," एकदा ती तांब्या रिकामा करून म्हणाली, "पोराचं देवाच्या हाती. पन हे पानी एवढं थंडगार हाय का मी तर उन्हाळाभर नवस करीन!"

"देवळात थट्टा करून राह्यली पोरगी," सासू दटावीत म्हणाली.

"देवाले थट्टा समजते आत्याबाई. तुमालेच समजत नाई."

सातव्या सोमवारी ती आली नाही. भैंशाला धाकट्या भावाचे लग्न होते. पुढच्या सोमवारी तिने कान धरून क्षमा मागितली आणि एक सोमवार वाढवून घेतला. मी अनुमती दिली. आषाढात व्रत पूर्ण झाले.

मूल झाले नाही. पुढचा वैशाख आला, आणि ज्याला आम्ही पाहुणा म्हणत होतो तो घरोघरी आला.

तो वैशाख मी कसा विसरेन? घरापुढच्या ओट्यांवर, कडुलिंबाच्या सावलीत, बैलगाडीच्या जुवाला टेकून, जिकडे पाहावे तिकडे माणसे पाय लांब करून बसलेली. शेते नांगरणीवाचून पडून. बैल दावणीला उभे, आणि त्यांना वैरण टाकायलाही कोणी उठू शकत नाही. फोडांचा वास, कडुलिंबाच्या पाल्याचा धूर, काडीला गुंडाळलेले ते पांढरे धागे. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच: पाय जरा पान्यात घालू दे, आग होऊन राह्यली. आणि सगळे लंगडत त्याच बावडीच्या पायऱ्या उतरत. माझाही दुसरा पाय फुटला होता. मीही उतरत होतो.

सरूच्या गुडघ्याला नारू आला. गावच्या न्हाव्याने काडी बांधून दिली होती, हलू नको म्हणून बजावले होते. पण वांग्याचा वाफा वाळत होता. ती उठली, दोन वाफ्यांना पाणी घातले, आणि तिसऱ्या वाफ्यात धागा तुटला. चार दिवसांत गुडघा फुगून काळा पडला. किसनने तिला पाठुंगळी घेऊन देवळात आणले. पायरीवर बसवले. तिच्या चेहऱ्यावरचे हसू कोणी पुसून घ्यावे तसे गेले होते.

"महाराज," ती म्हणाली, "मायं काय चुकलं, ते तेवढं सांगा."

मी शास्त्र शिकलेला मनुष्य. प्रश्न विचारला की उत्तर द्यावे, ही माझी सवय. मी थोडा विचार केला आणि म्हणालो, "व्रतात खंड पडला होता ना? सातवा सोमवार."

 तिने मान हलवली. "व्हय. भावाच्या लग्नाले गेली होती."

"प्रायश्चित्त करता येते," मी म्हणालो. "पाय टेकता येऊ लागला की दर सोमवारी देवाला अकरा प्रदक्षिणा घाल. सोमवार पुन्हा चुकवू नकोस."

"किती सोमवार, महाराज?"

"घालत राहा," मी म्हणालो. "देव सांगेल."

त्यानंतर आठवडाभराने राजय्या आला. तो आरोग्य खात्याचा कर्मचारी, नारूच्या कामासाठीच नेमलेला. मूळचा तेलुगू, पण बाजारात हिंडून हिंडून मराठी शिकलेला. सायकलच्या मागे पत्र्याची पेटी, तिच्यात कापसाच्या घड्या, औषध, पांढऱ्या बारीक कापडाचे चौकोन. बावडी पाहून त्याने कपाळाला हात लावला, आणि मग देवळात माझ्यापुढे येऊन बसला.

"पंतुलुगारू, नमस्कारम," तेलुगूत भटजींना मानाने म्हणतात तसे तो म्हणाला. "पाय दाखवा."

"पायाला काही झालेले नाही."

"काई नाई तं पंचा काऊन बांधला? पायाले थंडी वाजते?"

मला राग आला, पण त्याच्या डोळ्यांत उपहास नव्हता. मी पट्टी सोडली. त्याने माझा पाय आपल्या मांडीवर घेतला. मी ओशाळून मागे ओढू लागलो, तर म्हणाला, "असू द्या. आमाले सगळे पाय सारखे." अकरा दिवस तो रोज आला आणि काडीला रोज चार बोटे धागा गुंडाळून गेला. त्या अकरा दिवसांत आमचे जे बोलणे झाले, त्याने माझे पुढचे आयुष्य बदलले.

त्याने एका काचेच्या बाटलीत बावडीचे पाणी आणून उन्हात धरले. आत मोहरीहूनही लहान असे काही उड्या मारीत होते. "हे पान्यातले पिसू. ज्याचा पाय फुटला तो पान्यात उतरला का नारू हजारो पिल्लं पान्यात सोडते. त्या पिल्लायले हे पिसू खाते. अन् तुमी पिसूसकट पानी पेता. मंग बारा महिने काई नाई. अन् मंग हे." त्याने काडीकडे बोट दाखवले.

"आमच्या घरी पाणी गाळून पितात," मी म्हणालो.

"म्हनूनच तर घरात कोनाले नाई. पन मंग तुमालेच दोन वर्सं कसा?" माझ्या दुसऱ्या घोट्यावरचा जुना वण पाहत तो खरोखरच विचारात पडला. "तुमी न गाळता काय पेता, पंतुलुगारू?"

 मला उत्तर सापडले होते. अभिषेकानंतर उरलेले पाणी पूजकाने प्यावे, असा आमचा आचार होता. घरच्यांना पळीभर तीर्थ. मला तांब्यातले सगळे.

राजय्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, "मागच्या वर्सी पाय फुटला होता तवा तुमी पान्यात उतरत होते?"

"रोज," मी म्हणालो.

बराच वेळ तो धागा गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "तुमी एकलेच नाई. दुसरेबी असतील. कोनाचा पाय कोनाले लागला, ते कोनाले सांगता येत नाई."

तो दयेने बोलला. पण मी हिशेब जाणणारा मनुष्य, पंचांग मांडणारा. मागच्या वैशाखात गावात पाय फुटलेले दोघे-तिघेच होते. बाकीचे उतरत ते कधीमधी. मी रोज उतरत होतो, आणि आग शमते म्हणून अधिक वेळ उभा राहत होतो. आणि त्याच पाण्याचा, न गाळलेल्या, कलशातून थेट लिंगावर पडलेल्या पाण्याचा तांब्या मी एका मुलीच्या हाती देत होतो; एक थेंब न सांडता पी, असे सांगून.

नारू थांबावा म्हणून पायऱ्या बुजवायला आरोग्य खात्याचे गवंडी आले तेव्हा गावकऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. महाराज पायऱ्या बुजवू देणार नाहीत, अशी सर्वांची खात्री होती. दोन महिन्यांपूर्वी ते खरेही ठरले असते. मी पुढे झालो आणि म्हणालो, बुजवा. त्या दिवसापासून महादेवाला दोरीने शेंदलेले, दुहेरी वस्त्रातून गाळलेले पाणी घातले. वडिलांचा नियम मी मोडला. लोकांनी त्याला माझे औदार्य म्हटले. कोणी म्हणाले, महाराजांनी गावासाठी सोवळे सोडले. मी ते ऐकून घेतले.

राजय्या पुढे कित्येक वर्षे येत राहिला. विहिरीत औषध टाकी, बायकांना कापडाचे चौकोन देई, घागरीच्या तोंडावर ते कसे बांधावे हे पुन्हा पुन्हा दाखवी. पहिल्या वर्षी सात-आठ पाय फुटले, दुसऱ्या वर्षी दोन, मग एकही नाही. तरी तो वैशाखात दारोदार जाऊन विचारी, "हाय का कोनाले?" आणि 'नाही' ऐकले की वहीत असे जपून लिही, जणू तो मंत्र आहे. पुढे तो निवृत्त झाला. त्याच्या गावाकडून नंतर कळले की तो गेला. त्याचे नाव आमच्या गावात कोणत्याही दगडावर नाही.

शौच आणि शुद्धी या विषयांवर मी तरुणपणी तासन्‌तास बोललो आहे. कोणते जल ग्राह्य, कोणते त्याज्य, कोणाच्या स्पर्शाने काय दूषित होते, याचे सूक्ष्म विवेचन मला मुखोद्गत होते. त्या सर्व विवेचनात दोष नेहमी दुसऱ्याकडून येई. घागर भरणाऱ्या बायकांकडून, दोरी ओढणाऱ्या हातांकडून. माझ्या पायांकडून काही येऊ शकेल, ही शक्यता त्या विचारात कुठेच बसत नव्हती. मी वाकून कलश बुडवीत होतो, आणि मंत्र निर्दोष होते. स्वर चुकला नव्हता, अक्षर चुकले नव्हते. आजही मी ते मंत्र म्हणतो. त्यांच्यावर माझा राग नाही. पण म्हणताना मध्येच कधी तरी आवाज थांबतो.

आणि सरू? तिचा गुडघा पुन्हा कधी वाकला नाही. पाय लाकडासारखा सरळच राहिला. मूल झाले नाही. किसन भला माणूस. दुसरी बायको केली नाही. तीन वर्षांपूर्वी तो वारला. सरू मळा करते, आदिलाबादच्या बाजारात वांगी धाडते, आणि दर सोमवारी देवळात येऊन अकरा प्रदक्षिणा घालते. एक पाय टाकायचा, दुसरा अर्धवर्तुळात ओढून आणायचा. अकरा फेऱ्यांना तिला जवळजवळ तास लागतो. चाळीसहून अधिक वर्षे मी गाभाऱ्यात बसून तो घासत जाणारा पाय ऐकला आहे. थांबव, असे मी कधी म्हणालो नाही; कारण थांबव म्हटले असते तर का, हे सांगावे लागले असते.

संतोषच्या कागदावर सत्य लिहायचे, तर ते तिने दगडावर वाचू नये, एवढे तरी मी तिचे देणे लागत होतो. गेल्या रविवारी, ऊन कलल्यावर, मी मळ्यात गेलो.

सरू वांग्याच्या वाफ्यात निंदत होती. सरळ पाय पुढे पसरून, एका हाताने अंग पुढे रेटत.

"या महाराज! उन्हाचे काऊन निघाले? कोनाले पाठवलं असतं, मीच आली असती. बसा, मडक्यातलं पानी देते."

"पाणी नको, सरू. तुला काही सांगायचे आहे."

मी बांधावर बसलो.  जसे सुचले तसे म्हणालो, "तुझ्या गुडघ्यातला नारू माझ्या पायातून आला."

ती हसली. "काय बोलून राह्यले महाराज! तुमच्या पायाचं तं लोक तीर्थ घेतात."

"तेच झाले," मी म्हणालो, आणि सगळे सांगितले. पट्टी, पाण्यात उभे राहणे, अभिषेक, तांब्या, राजय्याची बाटली. ती ऐकता ऐकता निंदत राहिली. मग विळा थांबला. 

"तुमाले कवा कळलं?" तिने विचारले.

"त्याच वर्षी."

"त्याच वर्सी," ती म्हणाली. हातातली माती तिने हळूहळू चुरगाळली. "मंग मी भावाच्या लग्नाले गेली होती, त्याचं काय?"

"त्याचे काही नव्हते."

"काईच नोतं?"

"काहीच नव्हते, सरू."

 माझ्याकडे न पाहता ती जणू स्वतःशीच बोलू लागली. "तो भाऊ वारला तोबी सोमवारी. नऊ वर्सं झाले. सकाळी भैंशाहून फोन आला. धनी म्हने, चाल, गाडी करतो. मी म्हनलं, एक डाव सोमवार सोडला तं पाय गेला, आता सोडला तं काय जाईल? मी नाई गेली. देवळात आली. रडत रडत अकरा फेऱ्या घातल्या. तुमीच होते तती. आठवते?"

मला आठवत होते. लख्ख आठवत होते.

"तुमी मले म्हनले, सरू, तुही निष्ठा मोठी."

मी हात जोडले. 

"हात नका जोडू," ती म्हणाली. "मले कसंतरीच होते." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला तो प्रसादासारखा वाटला असता. थोड्या वेळाने तिने विचारले, "भावजयले मी सांगितलं होतं का नेम हाय, म्हनून आली नाई. ते तवापासून बोलत नाई मायासंगं. आता मी तिले काय सांगू?"

"मी येतो भैंशाला. मी सांगतो."

"नको," ती म्हणाली. "तुमी देवापाशी बसा." तिने विळा उचलला, पुन्हा खाली ठेवला. "उद्या सोमवार हाय. फेऱ्या घालू का नको, ते तं सांगा. तुमीच सांगितल्या होत्या."

"नको घालूस," मी म्हणालो.

त्या रात्री मी संतोषचे पान लिहिले. राजय्याचे नाव लिहिले, भिंत का घातली ते लिहिले, आणि ज्याचा पाय पाण्यात होता त्याचेही नाव लिहिले. पायऱ्या उघडण्यास माझी हरकत नाही. आता त्या पाण्यात भय उरलेले नाही. उतरणाऱ्याने एवढे वाचून उतरावे, इतकेच.

दुसऱ्या दिवशी पहाटे देऊळ उघडले. नळाचे पाणी वस्त्रातून गाळून अभिषेक केला. मग गाभाऱ्याच्या दाराशी बसून राहिलो. ऊन पायरीवर आले, सभामंडपात आले, माझ्या गुडघ्यांपर्यंत आले. प्रदक्षिणेच्या वाटेवर कोणाचे पाऊल वाजले नाही.

दुपारी बाजारातून परतणाऱ्या दोन माळणी दर्शनाला आल्या. त्यांना मी विचारले.

"सरूबाई? ते तं पहिल्या बशीनं आदिलाबादले गेली, तिथून भैंशाले जाते म्हने. नवं लुगडं नेसली होती. आमी इचारलं, आज सोमवारी कुठं वं? तं म्हने, भाऊ वारला. भेटाले चालली."